दुधाचे दात ही देखील अमानत



मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी आज तरुण मातापित्यांच्या मनात एक प्रश्न घोळत असतो. बाळ जन्मले की घरातील नेक, वडीलधारी व्यक्ती खजूर चावून तिचा मऊ अंश बाळाच्या टाळूला लावते. ही तहनीकची सुन्नत होय. परंतु मोठ्यांच्या लाळेतून दात किडविणारे जंतू बाळाकडे जातात, असे डॉक्टर सांगतात. मग सुन्नत पाळावी की डॉक्टरांचे ऐकावे? हा प्रश्न ज्या रीतीने मांडला जातो त्यातच चूक आहे, आणि आजच्या पाठात तीच समजून घ्यावयाची आहे.

प्रथम दात किडतो म्हणजे काय होते ते पाहू. मानवी मुखात असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. हॉलंडच्या लेव्हेनहुक यांनी १६८३ साली आपल्या दातांवरील थर भिंगाखाली पाहून हे जग प्रथम उजेडात आणले. या जीवांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. परंतु १९२४ साली क्लार्क या ब्रिटिश संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जीवाणू वेगळा केला व त्यास 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' असे नाव दिले. हा व याच्यासारखे इतर जीवाणू साखरेवर जगतात. आपण गोड खाल्ले की काही मिनिटांतच ते त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील खनिजे विरघळवू लागते. अल्लाहने आपल्या मुखात लाळ ठेवली आहे. ती हे आम्ल धुऊन काढते व गेलेली खनिजे दाताला परत देते. मात्र या कामास तिला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा बिस्कीट, पुन्हा गोळी, पुन्हा गोड चहा आला, तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे ठरते.

हा जीवाणू बाळास जन्मतः नसतो. तो घरातील माणसांकडून, बहुधा आईकडूनच, लाळेवाटे येतो. १९९३ साली अमेरिकेत कॉफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४६ मायलेकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ३८ बालकांच्या मुखात हा जीवाणू स्थिरावला होता, आणि तो स्थिरावण्याचे मध्यम वय सुमारे २६ महिने होते. काही मुलांत तो याहून लवकरही येतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. आईच्या मुखात किडके दात जितके अधिक, तितका बाळास धोका अधिक. म्हणून गरोदरपणीच आईने आपले दात तपासून घेणे हा बाळाच्या दातांचा पहिला बंदोबस्त होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फिक्हनुसार माणसाची लाळ पाक आहे, आणि याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या घटिकांत हजरत आयेशा (रजि.) यांनी मिस्वाक आपल्या दातांनी मऊ करून त्यांना दिली, हे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. परंतु एखादी वस्तू पाक असणे आणि ती प्रत्येकास प्रत्येक वेळी निर्धोक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध पाक आहे, हलाल आहे, त्यात शिफा आहे. तरीही एक वर्षाखालील बालकास तो देऊ नये, कारण त्यातून क्वचित का होईना, प्राणघातक विषबाधा होऊ शकते. तहनीकसाठी खजुरीऐवजी मध वापरणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानी ठेवावे. स्वतःस अपाय करू नये व दुसऱ्यासही करू नये, हा आपल्या शरीअतचा सर्वमान्य दंडक आहे.

तहनीकविषयी इमाम नववी (रह.) यांनी उलमांचे एकमत नोंदविले आहे की ती मुस्तहब आहे. प्रेषितांनी (स.) हजरत अबू तल्हा (रजि.) यांच्या पुत्रास, तसेच हजरत अस्मा (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांस अशीच खजूर लावली होती. त्यांच्या पवित्र लाळेची बरकत ही त्यांचीच विशेष बाब. आपल्यासारख्यांनी खजूर चावण्यामागे हेतू इतकाच की ती नवजात बाळास लावण्याजोगी मऊ व्हावी. ते काम स्वच्छ वाटीत, उकळून गार केलेल्या पाण्यात खजूर कुस्करूनही साधते. हात साबणाने धुऊन त्याचा अगदी अल्प अंश बोटाने टाळूला लावावा आणि दुआ करावी. बाळ अशक्त किंवा अपुऱ्या दिवसांचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. अशा रीतीने सुन्नतही सुटत नाही आणि सावधगिरीही राहते. दोन्हींत विरोध होताच कोठे?

परंतु वाचकहो, तहनीक आयुष्यात एकदाच होते, आणि तेव्हा बाळाच्या मुखात दातही नसतात. तिच्याविषयी चिंता करणारी आपली घरे ज्या गोष्टी रोज करतात त्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. स्वतःच्या चमच्याने भरविणे, घास चावून देणे, चोखणी आपल्या तोंडात धरून पुसणे, या सवयी सोडाव्यात. तरीही केवळ एवढ्याने कीड टळत नाही. खरा घात साखरेने व अस्वच्छतेने होतो. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपी जाते. झोपेत लाळ अत्यंत कमी होते आणि गोड दूध रात्रभर दातांभोवती साचून राहते. कुरआनने सूरह बकरामध्ये मातांना पूर्ण दोन वर्षे स्तनपानाचा मार्ग दाखविला आहे. ते दूध बाळाचे उत्तम अन्न आहे, त्यास दोष देऊ नये. मात्र दात आल्यावर झोपण्यापूर्वी ते स्वच्छ करावेत आणि बाटलीत साखर कधीही घालू नये.

बाटलीची कीड प्रथम वरच्या पुढील चार दातांना लागते. मकतबमध्ये तज्वीद शिकविणाऱ्यास याचे मोल ठाऊक असते. 'से', 'जाल' आणि 'जोय' या अक्षरांचे मखरज जिभेचे टोक व वरच्या पुढील दातांची कड येथे आहे, आणि 'फे' उच्चारताना तेच दात खालच्या ओठाला टेकतात. बिस्मिल्लाहच्या वयातच ज्या मुलाचे हे दात झिजून काळे झाले, त्याने ही अक्षरे कशी उच्चारावीत?

"दुधाचे दात, पडणारच आहेत" असे आपण सहज म्हणून जातो. हे वीस दात साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि त्यांतील शेवटचे बाराव्या वर्षाच्या सुमारास पडतात. तोवर मुलाचे जेवण, झोप आणि बोलणे त्यांच्यावरच अवलंबून असते. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या कायमच्या दातासही इजा पोहोचते. जी वस्तू परत द्यावयाची असते तिलाच अमानत म्हणतात. परत द्यावयाची म्हणून ती वाटेल तशी वापरता येत नाही.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्याल्याने दातांवर पांढरे पट्टे वा तपकिरी डाग येतात. ते बहुधा कायमच्या दातांवर, दोन्ही बाजूंस सारखे दिसतात. ही कीड नव्हे आणि घासून ते जातही नाहीत. त्यावर उपाय पाणी बदलण्याचा आहे. कीड मात्र हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या रेषेने सुरू होते, मग तपकिरी होते, मग खड्डा पडतो. पांढऱ्या रेषेच्या टप्प्यावर लक्ष दिले तर ती थांबविता येते. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून पाहावा.

प्रेषित (स.) घरात आल्यावर प्रथम मिस्वाक करीत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे, आणि रात्री उठल्यावरही ते मिस्वाकने मुख स्वच्छ करीत. उम्मतला कष्ट होतील अशी काळजी नसती तर प्रत्येक नमाजसाठी त्यांनी मिस्वाकची आज्ञाच केली असती. ही सुन्नत लहानग्यांपर्यंत अशी पोहोचवावी:

१. दात येण्यापूर्वी स्वच्छ ओल्या कापडाने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात येताच लहान, मऊ ब्रश वापरावा.

२. सकाळी व झोपण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी स्वतः दात घासून द्यावेत. सहा-सात वर्षांपर्यंत हे काम मुलावर सोपवू नये. पिलूची किंवा कडुनिंबाची काडी त्यानंतर शिकवावी.

३. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी घ्यावी. गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यास दंतवैद्याला विचारूनच ठरवावे. मशेरी मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

४. गोड द्यावयाचे तर जेवणासोबत द्यावे. ईदचा शीरखुर्मा आनंदाने खावा, पण दिवसभर थोडा थोडा नको. मकतबमध्ये सबक पाठ झाल्याबद्दल गोळ्या वाटण्याऐवजी पेन्सिल द्यावी.

५. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व सरकारी शाळेत येते. त्याच्या तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. त्या दिवशी मुलास घरी ठेवू नये. अधिक उपचार लागल्यास नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे.

उपचार करून घेण्याचा आदेश प्रेषितांनीच (स.) दिला आहे. तेव्हा बाळाची दाढ दुखते म्हणून त्याच्यावर दम करावा, अवश्य करावा, आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडेही न्यावे.

अल्लाह आपल्या लेकरांना निरोगी मुख आणि त्या मुखात आपल्या कलामची गोडी देवो. आमीन.