आडवी बाटली जिंकली, तर दुकानाला कुलूप कधी लागतं?

प्रश्न : आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बाया सह्या गोळा करताहेत. मतदानात आडवी बाटली जिंकली, तर त्याच दिवशी दुकान बंद होतं का? निकाल पक्का कोण करतं? – एक वाचक भगिनी, पारोळा तालुका

उत्तर : ताई, त्याच संध्याकाळी कुलूप लागत नाही. चिठ्ठ्या मोजून जाहीर होतो तो गावाचा कौल. परवाना बंद होतो जिल्हाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने. मतदान घेणारे अधिकारी निकालाचा अहवाल वर पाठवतात, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली जिल्हाधिकारी आदेश काढतात आणि राज्य उत्पादन शुल्क खातं तो अमलात आणतं. म्हणून मोजणी झाली की निकालाची सहीशिक्क्याची प्रत मागून घ्या आणि आदेश निघेपर्यंत जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला पाठपुरावा सोडू नका.

या मतदानाचे नियम २५ मार्च २००८ च्या शासन आदेशात आहेत. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. समजा, यादीत १,००० बाया आहेत. ६०० जणी आल्या आणि ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. आलेल्यांपैकी ८० टक्के तुमच्या बाजूने, तरी तुम्ही हरलात, कारण ५०१ हव्या होत्या. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीच्याच कामी आलं.

आपल्या खानदेशात हे फार जड जातं. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं माहेरच्या यादीत तशीच राहतात; त्या येणार आखाजीला. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं कुणी कमी केलेली नसतात. यातलं प्रत्येक नाव तुमच्या विरोधात मोजलं जातं. तेव्हा सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या, गल्लीगल्लीने वाचा, वगळायच्या नावांचे अर्ज बीएलओकडे द्या आणि ऊसतोडीची माणसं परतल्यावरची तारीख मागा. मला हा नियम बायांवर अन्याय करणारा वाटतो. आमदार निवडायला जी अट नाही, ती दारूचं दुकान हटवायला का असावी?

कौल आणि कायदा यांतलं सुरुवातीला सांगितलेलं अंतर मोठ्या मतदानातही दिसतं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. आपल्या राज्यघटनेत सार्वमताची अशी तरतूदच नाही, म्हणून त्या एका मतदानासाठी संसदेला १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

गावपातळीवर असा दुसरा कौल आहे थेट निवडून आलेल्या सरपंचाबाबत. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव केला, तरी विशेष ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्याला मान्यता दिल्याशिवाय सरपंच पायउतार होत नाही.

तुमच्याकडे आदेश निघाला की दुकानदार गप्प बसेल असं धरून चालू नका. तो उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपील करू शकतो, पुढे शासनाकडे आणि उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाऊ शकतो. तिथे सह्या, यादी, नोटीस यांतली बारीकशी चूकही उकरली जाते. म्हणून प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवा आणि वकिलाला विचारून कॅव्हेटही दाखल करा.

आणखी एक. हे मतदान परवाना असलेल्या दुकानापुरतंच आहे. हातभट्टी मुळातच बेकायदा. तिच्यासाठी सह्या गोळा करत बसू नका, पोलिसांत आणि उत्पादन शुल्क खात्यात लेखी तक्रार द्या. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या भागांतल्या पेसा गावांत तर नशेच्या पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेलाही दिला आहे.