वाचकांचे प्रश्न : रेरा नंबर आहे, मग घर घ्यायला हरकत काय?

प्रश्न : आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहतो. मिस्टर ठाण्याला नोकरीला आहेत, मुलगी पाचवीत आहे. स्टेशनपासून लांब, पण नव्या सात मजली इमारतीत वन बीएचके ३२ लाखांत मिळतोय. आसपास तेवढ्याच घराचे ४५ लाख सांगतात. इमारतीला रेरा नंबर आहे, काही कुटुंबं राहायला आली आहेत, लाइटचे मीटर लागले आहेत, घरपट्टीही सुरू झाली आहे. एक फायनान्स कंपनी कर्ज द्यायला तयार आहे. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मात्र नाही. एजंट म्हणतो, डोंबिवलीत ओसी असते कुणाकडे? दोन लाख टोकन मागितलं आहे. द्यावं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आत्ता देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गोष्टी खऱ्या असूनही इमारत बेकायदा असू शकते, आणि हे तुमच्याच शहरात घडलेलं आहे. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींच्या बिल्डरांनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्या आणि त्या जोडून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली. एका वास्तुविशारदाने हे प्रकरण उच्च न्यायालयात नेलं. पोलिसांचं विशेष तपास पथक आणि सक्तवसुली संचालनालय तपासात उतरलं. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तिथे राहणाऱ्यांकडेही रेरा नंबर होता, नोंदणीकृत करार होते, अनेकांकडे कर्जाची मंजुरी होती.

असं होतं, कारण रेरा नंबर म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. बिल्डर कागद सादर करतो, त्यांच्या आधारे प्रकल्पाची नोंद होते. कागद खोटा असेल तर नोंदही खोट्यावर उभी राहते. या प्रकरणानंतर महारेराने परवानग्यांची पडताळणी थेट स्थानिक प्राधिकरणाकडून करून घ्यायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. तरीही ज्याचे पैसे जाणार आहेत त्याने स्वतः खात्री करावी.

घरपट्टीचा आधार तर मुळीच धरू नका. बेकायदा बांधकामावरही महापालिका कर आकारते, वर शास्ती लावते, आणि कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही हे महापालिका अधिनियमातच लिहिलेलं आहे. लाइटचं मीटर हा फक्त वीज घेतल्याचा पुरावा. सब-रजिस्ट्रारकडे करार नोंदवला जातो तेव्हा व्यवहाराची नोंद होते, इमारतीच्या कायदेशीरपणाची हमी मिळत नाही. कर्जाबद्दल म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँका आणि वित्तसंस्थांना बजावलं आहे की इमारतीचं पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्या. ओसी नसलेल्या तयार घराला कुणी झटपट कर्ज देत असेल, तर तो धीर देणारा नव्हे, सावध करणारा मुद्दा आहे.

आता काय करायचं ते सांगते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. तिथे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, आणि मंजूर नकाशा असतो. सीसीचा जावक क्रमांक, तारीख, सर्व्हे आणि हिस्सा नंबर लिहून घ्या. मग कल्याणला शंकरराव चौकातल्या महापालिका मुख्यालयात नगररचना विभागात जा आणि या क्रमांकाची परवानगी तुमच्या नोंदीत आहे का, ती किती मजल्यांची आहे, असं लेखी विचारा. उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजुरी चार मजल्यांची आणि इमारत सात मजल्यांची, हाही फसवणुकीचाच प्रकार. जागा महापालिका हद्दीतल्या २७ गावांपैकी एखाद्या गावात असेल तर जास्त काळजी घ्या. ही गावं २००२ मध्ये महापालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आली. परवानगीच्या तारखेला तिथलं नियोजन प्राधिकरण कोण होतं, ते आधी विचारा. एमआयडीसीच्या हद्दीत परवानगी एमआयडीसीची लागते. सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाचा आणि मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट तुमच्या वकिलाकडून घ्या. बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नको.

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. दोन लाख त्या मर्यादेत बसतात, म्हणून मागणी बेकायदा नाही. पण ही पडताळणी होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, आणि नंतरही रोखीने नको.

बजेट हीच अडचण असेल तर म्हाडाच्या कोकण मंडळाची कल्याणजवळ शिरढोण आणि खोणीला घरं आहेत, तीही बघा. स्टेशन दूर पडेल, पण मालकी निर्धास्त राहील. आणि ४ एप्रिल २०१३ ला ठाण्यात शीळ फाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली, हे विसरू नका. परवानगी नसलेल्या इमारतीत स्लॅब आणि लोखंड कुणी तपासलेलं नसतं.

प्रश्न : आम्ही घर घेऊन चार वर्षं झाली. आता इमारत अनधिकृत असल्याची नोटीस आली आहे. हप्ते थांबवू का?
— एक वाचक, कल्याण पूर्व

उत्तर : हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे, इमारत बेकायदा ठरली म्हणून तो संपत नाही. नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. सर्व रहिवाशांनी मिळून वास्तुविशारदाकडून मोजणी करून घ्या, काही भाग नियमित होऊ शकतो का ते त्यातून कळेल. सरकारी किंवा आरक्षित जागा असेल तर ती आशा जवळजवळ नाहीच, आणि कुणी पैसे घेऊन नियमित करून देतो म्हणाला तर त्याला दारात उभं करू नका. बिल्डरविरुद्ध फसवणुकीची पोलीस तक्रार करा आणि व्याजासह परताव्यासाठी महारेराकडे जा. जमिनीच्या मालकीतच दोष निघाला तर रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार मागायच्या भरपाईला मुदतीचं बंधन नाही, त्यामुळे चार वर्षं उलटली म्हणून मागे हटू नका. करार, पावत्या, बँकेची पत्रं आणि नोटिशीची प्रत घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा, शक्य तर शेजाऱ्यांना सोबत घेऊन.