पूना हॉर्सचा तरुण अधिकारी

घोडदळाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर धुळीचे लोट उडवीत दौडणारे मराठ्यांचे शिलेदार आणि बारगीर उभे राहतात. तो काळ केव्हाच सरला. भारतीय सेनेतील रिसाल्यांची नावे जुनीच राहिली, पण घोडे गेले आणि त्यांच्या जागी पोलादी रणगाडे आले. रणगाड्यात बसणाऱ्या शिपायाला मात्र आजही ‘सवार’ असेच म्हणतात.

‘पूना हॉर्स’ हा असाच एक जुना रिसाला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांशी झालेल्या तहानंतर 1817 साली तो पुण्यात उभारला गेला. 1965 च्या युद्धात या रिसाल्याचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांना वीरमरण येऊन परमवीरचक्राचा सन्मान लाभला. तारापोर जन्माने मुंबईचे. त्यांच्या घराण्याचे आडनाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या तारापूर गावावरून आलेले. त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच रिसाल्यातील एका कोवळ्या अधिकाऱ्याने तोच सन्मान मिळविला. त्याचे नाव अरुण खेत्रपाल.

अरुणचा जन्म 14 ऑक्टोबर 1950 रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे पंजाबचे आणि पिढीजात सैनिकांचे. वडील सैन्यातील अभियंता दलात अधिकारी होते. शालेय शिक्षण संपताच 1967 साली तो पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला, आणि 13 जून 1971 रोजी सेकंड लेफ्टनंट होऊन पूना हॉर्समध्ये रुजू झाला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटले, तेव्हा तो अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे रणगाडायुद्धाचे शिक्षण घेत होता. शिक्षण अर्धेच राहिले आणि आघाडीवर जाण्याचा हुकूम आला. अरुणने सामानात काय घेतले असेल? गोल्फ खेळण्याच्या काठ्या आणि मेजवानीचा निळा गणवेश! लाहोर जिंकल्यावर तेथे खेळायचे आणि भोजनासमारंभाला बसायचे, असा त्याचा हिशेब होता. एकविसाव्या वर्षी माणसाला युद्ध असेच दिसते.

जम्मू आणि पठाणकोट यांच्या मध्ये पाकिस्तानचा शकरगढ हा प्रदेश भारताच्या बाजूला फुगवट्यासारखा पुढे आला आहे. काश्मीरकडे जाणारा आपला रस्ता तेथून फार दूर नाही. तो शत्रूने तोडू नये म्हणून आपले सैन्य या प्रदेशात शिरले. वाटेत बसंतर नदी होती. पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या भातखाचरात रुतलेली बैलगाडी ज्याने पाहिली असेल, त्याला चिखलातून पन्नास टनांचा रणगाडा नेणे म्हणजे काय याची थोडी कल्पना येईल. त्यातच शत्रूने नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीत सुरुंग पेरून ठेवले होते. 15 डिसेंबरच्या रात्री आपले पायदळ पलीकडच्या तीरावर पोहोचले. रणगाड्यांसाठी सुरुंग काढण्याचे काम मात्र अर्धेच झाले होते, आणि पलीकडून शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल कळू लागली. पायदळाला एकटे सोडणे शक्य नव्हते. पूना हॉर्सने वाट पुरती मोकळी होण्याची वाट न पाहता सुरुंगांतूनच रणगाडे पुढे घातले.

दुसऱ्या दिवशी, 16 डिसेंबरला, जरपाल गावाजवळ शत्रूचा जोराचा हल्ला आला. तेथील तुकडीने बिनतारी यंत्रावरून मदत मागितली, आणि अरुण आपणहून निघाला. वाटेतल्या शत्रूच्या ठाण्यांवर तो चालून गेला व पिस्तूल रोखून त्याने तेथील सैनिकांना कैद केले. पुढे तो त्या तुकडीला जाऊन मिळाला. शत्रू पुन्हा चालून आला तेव्हा समोर मोठे दळ आणि आपल्या बाजूला मोजके रणगाडे अशी झुंज जुंपली. त्यात शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. त्यांतील अनेक एकट्या अरुणने टिपले.

आपले रणगाडेही एकेक करून थंडावत होते. अरुणच्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’. त्यावर गोळा आदळून आग लागली. बिनतारी यंत्रावरून वरिष्ठांची आज्ञा आली, की रणगाडा सोडून बाहेर पड. आज्ञापालन हा सैनिकाचा पहिला धर्म, आणि ही आज्ञा त्याचे प्राण वाचविण्यासाठीच होती. पण शत्रू अजून पुढे येत होता. आपण हटलो की मागच्या पायदळापर्यंत त्याला वाट मोकळी होणार, हे जितके अरुणला दिसत होते तितके आज्ञा देणाऱ्याला दिसणे शक्य नव्हते. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे कळवून त्याने यंत्र बंद केले. त्यानंतर त्याने आणखी एक रणगाडा निकामी केला. लगेच दुसरा गोळा त्याच्या वर्मी लागला.

दुसऱ्या दिवशी युद्ध थांबले. मुलगा आता परत येणार या आनंदात असलेल्या घरी काही दिवसांनी तार पोहोचली. अरुणला मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्याचा फामागुस्ता पुढे अहमदनगरला आणून जपून ठेवण्यात आला. ज्या गावातून शिक्षण अर्धे टाकून तो गेला, त्याच गावात.

तीस वर्षे लोटली. 2001 साली अरुणचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, आपली जन्मभूमी सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडियर ख्वाजा मोहंमद नासेर यांनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले आणि घरच्या वडीलधाऱ्यांसारखी त्यांची सेवा केली. निरोपाच्या आदल्या रात्री यजमान म्हणाले, की एक गोष्ट आपल्याला फार दिवसांपासून सांगायची होती. बसंतरच्या काठी 16 डिसेंबरला अरुणसमोर जो शेवटचा रणगाडा होता, त्यात ते स्वतः होते. दोघांनी जवळजवळ एकाच वेळी तोफ डागली होती.

त्यावर फारसे बोलणे झाले नाही. दोघेही सैनिक होते. खेत्रपाल भारतात परतल्यावर नासेर यांनी त्यांना दोघांचे एकत्र काढलेले छायाचित्र पाठविले. त्यावर त्यांनी लिहिले होते, की त्या दिवशी आमच्या हल्ल्याच्या यशापयशामध्ये आपला हा मुलगा न हलणाऱ्या खडकासारखा उभा होता.