गयानाचे रानरेशीम पतंग

विदर्भात ऐन व अर्जुन या वृक्षांवर पोसल्या जाणाऱ्या टसर किड्याचा पतंग 'सॅटर्निडी' कुलातील होय. याच कुलातील अनेक जाती दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेंच गयाना या फ्रान्सच्या प्रदेशात आढळतात. हा प्रदेश बहुतांशी घनदाट अरण्याने व्यापलेला आहे.

जीवनक्रम
या पतंगांचे खाणेपिणे अळीच्या अवस्थेतच उरकते. प्रौढ पतंगाचे मुखावयव निरुपयोगी असतात. अळीने साठविलेल्या शक्तीवर तो थोडे दिवस जगतो व प्रजोत्पादन करून मरतो. 'रॉथशिल्डिया' प्रजातीच्या पतंगांच्या पंखांवर पारदर्शक खिडक्या असतात. त्यांचे सौंदर्य पाहणाऱ्यास मोहून टाकते.

उपद्रवी भाऊबंद
'हायलेसिया मेटाबस' हा याच कुलातील लहान पतंग मात्र लोकांना त्रासदायक ठरला आहे. त्याच्या अळ्या किनाऱ्यावरील खारफुटीची पाने खातात. मादीच्या पोटावर बाणासारखे सूक्ष्म केस असतात. अंडी घातल्यावर त्यांच्या रक्षणार्थ ती हे केस त्यांवर पसरते. काही वर्षी पतंगांची संख्या अतोनात वाढते. रात्री ते गावातील दिव्यांकडे झेपावतात, दिव्यांवर आपटतात आणि केस हवेत पसरतात. ते अंगास लागताच तीव्र खाज सुटून पुरळ उठतो. तेथे या विकारास 'पापिलोनित' म्हणतात. फ्रेंच भाषेतील 'फुलपाखरू' या शब्दावरून हे नाव पडले आहे. व्हेनेझुएलातही हा उपद्रव परिचित आहे.

उपाययोजना
पतंग दिव्यांमुळे वस्तीत येतात, हे ध्यानी घेऊन उपद्रवाच्या काळात सार्वजनिक दिवे रात्री मालविण्याचा उपाय तेथे योजण्यात आला. घरात पडलेले केस झाडूने उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसून घेणे श्रेयस्कर. अळ्यांवर 'बॅसिलस थुरिंजेन्सिस' या जिवाणूचा उपयोग करता येतो. परंतु तो इतर पतंगांच्या व फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारक असल्याने त्याची सरसकट फवारणी हितावह नाही.

बोध
एकाच कुलातील एक किडा आपल्याकडे उपजीविका देतो, तर दुसरा तेथे व्याधी देतो. म्हणून सर्वच पतंगांचा संहार करणे हा उपाय नव्हे. कीटक कोठे वाढतो, कशाकडे आकर्षिला जातो व त्याची कोणती अवस्था त्रासदायक असते, हे आधी जाणून घेतले तर दिव्याची कळ दाबण्याइतका साधा उपायही कामी येतो. गावपातळीवर आरोग्याची जबाबदारी वाहणाऱ्यांनी व शाळेत जीवशास्त्र शिकविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरेल.