जुन्या चेतकला मोठं इंजिन?

प्रश्न: घरच्याच वर्कशॉपमध्ये जुन्या बजाज चेतकला मोठं इंजिन बसवून कस्टम स्कूटर करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: इंजिनापासून नको, पत्र्यापासून करा. चेतकला मोटारसायकलसारखी वेगळी चेसिस नाही. व्हेस्पाप्रमाणे दाबून घडवलेला पत्राच तिचा सांगाडा. पायाखालचा पत्रा गंजलेला असला किंवा देखणेपणासाठी कापला, तर ताण उरलेल्या जोडांवर येतो. त्यावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे दुखण्यावर पावडर. मग ब्रेक पाहा. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला, की थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. १० इंची चाकातले ड्रम ब्रेक मात्र तेवढेच राहतात. ‘मी जपून चालवीन’ म्हणाल. पण आडवं येणारं कुत्रं वेग विचारून येत नाही. पुढे डिस्क बसवली, तर वाढलेला ताण एकाच बाजूने चाक धरणाऱ्या फोर्कवर जातो, म्हणजे तोही तपासणं आलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. म्हणून इंजिन मूळ क्षमतेचंच ठेवा, ते नीट उघडून नव्या रिंग, बेअरिंग, ऑइल सील घाला. हौस सीट आणि रंगावर भागवा. रंग बदललात तर आरसी बुकात नोंद करून घ्या.