एका मुलासाठी एक नर्स

प्रश्न : माझी वहिनी अमेरिकेत लहान मुलांच्या आयसीयूत पंधरा वर्षं नर्स आहे. आता ते सोडून व्हेंटिलेटरवरच्या एका मुलाला सांभाळायला ती त्याच्या घरी जाणार आहे. इतका अनुभव गाठीशी असताना एकाच मुलापाशी बसायचं? आणि रोज घरी नर्स ठेवणं त्या कुटुंबाला परवडतं कसं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : परवडण्याचं आधी सांगते, कारण त्याची वाट एका मुलीमुळे मोकळी झाली. केटी बेकेट ही आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सची, जन्म १९७८चा. पाच महिन्यांची असताना तिच्या मेंदूला सूज आली, व्हेंटिलेटर लागला आणि बालपणीची पहिली वर्षं हॉस्पिटलातच गेली. तिला घरी नेता आलं असतं. पण घरी नेलं की आईवडिलांची मिळकत धरली जाई आणि मेडिकेड या सरकारी योजनेची मदत थांबे. घरचा खर्च कितीतरी कमी असूनही! नोव्हेंबर १९८१मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं, नियम सैल झाला आणि केटी घरी आली. पुढच्याच वर्षी कायद्यात तशी तरतूद झाली. मेडिकेडमधल्या २१ वर्षांखालच्या मुलांना गरजेचे उपचार मिळालेच पाहिजेत, हे १९८९मध्ये ठरलं. घरची नर्सही त्यात येते. केटी ३४ वर्षं जगली.

आता ‘एकाच मुलापाशी बसण्या’विषयी. घरी येऊन ड्रेसिंग करून जाणारी नर्स वेगळी. तुमच्या वहिनी आठ किंवा बारा तासांची पूर्ण शिफ्ट तिथेच असतील. अशा मुलाच्या गळ्यात बहुधा श्वासाची नळी असते. ती कफाने तुंबली तर आयसीयूत हाक मारली की चार जण धावून येतात. घरी धावून येणारं कुणी नाही. सक्शन करायचं, नाहीच मोकळी झाली तर नळी बदलायची, तीही आत जाईना तर एक नंबर लहान घालायची, ॲम्बू बॅगने श्वास द्यायचा. म्हणून दोन्ही मापांच्या नळ्या कायम हाताशी लागतात, अगदी शाळेच्या बसमध्येसुद्धा. (व्हेंटिलेटरवरच्या मुलाला वर्गात लागणारी नर्स शाळेने पुरवायची, हा सुप्रीम कोर्टाचा १९९९चा निकालही सीडर रॅपिड्सच्याच मुलाचा.) पंधरा वर्षांचा अनुभव इथे वाया जात नाही, इथेच तो कसाला लागतो.

आयसीयूत न शिकलेली गोष्ट मात्र निराळी आहे. घर दुसऱ्याचं असतं. आईच्या स्वयंपाकाचा वास, आजोबांचा टीव्ही, नवराबायकोचं भांडण, सगळं कानावर येतं आणि तिथेच ठेवावं लागतं. पुढच्या शिफ्टची नर्स आली नाही, तर रात्रभर त्या आईवडिलांनाच जागावं लागतं. ते पाहून पाय निघत नाही. पगारही बऱ्याचदा हॉस्पिटलपेक्षा कमी असतो. नोकरी घेण्याआधी वहिनींनी नर्स पुरवणाऱ्या एजन्सीला विचारावं, की त्या मुलाला ओळखणाऱ्या नर्सबरोबर किती शिफ्ट करायला मिळतील आणि बदली नर्स न आल्यास काय व्यवस्था आहे. उत्तर गुळमुळीत आलं, तर ते काम घेऊ नये.

आणि पहिल्या दिवशी मुलाच्या आईला विचारावं, “मॉनिटर वाजायच्या आधी तुम्हाला कशावरून कळतं?” ती ओठांच्या रंगाचं सांगेल, झोपेतल्या चुळबुळीचं सांगेल. ते वहीत पहिल्या पानावर लिहून घ्यावं.