'स्वामी' वाचून झाल्यावर

रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि आजही आईबाबांनी वाचलेली जुनी प्रत मुलांच्या हाती येते. सोळाव्या वर्षी पेशवे झालेले आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेलेले माधवराव, त्यांच्या रमाबाई वाचकाला घरातलीच माणसं वाटतात. शेवटची पानं वाचून डोळे पुसणारे आजोबा तुम्हीही पाहिले असतील. हेच देसाईंचं बळ! पण मग मुलं कादंबरीतले संवादही इतिहासाच्या पेपरात लिहून मोकळी होतात. तिथं आपलं काम सुरू होतं.

यवतमाळच्या मुलांना एवढंच विचारा: तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो? १७६८-६९ मध्ये माधवरावांच्या फौजा वऱ्हाड-नागपुरात शिरल्या आणि जानोजी भोसल्यांना कनकापूरचा तह करावा लागला. म्हणजे आपला मुलूख समोरच्या बाजूला! हीच स्वारी इथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडून लिहायला सांगा. तारीख, तह पुस्तकातून घ्यायचे. शेतकऱ्याचं बोलणं मात्र मनानं रचायचं. कादंबरीकार नेमकं काय करतो, हे लिहिता लिहिताच कळतं. नववीच्या वर्गाला दोन तासिका पुरतात.